कोपराच्या वर चार बोटं

सर्जन का व्हायचंय असं विचारलं की वैद्यकीचे विद्यार्थी एकच उत्तर देतात: लोकांची सेवा करायची आहे. मीही तेच म्हणायचे. खोटं नव्हतं ते, पण खरं कारण त्याच्या खाली दडपलेलं असतं. गोळ्या देऊन आठ दिवस वाट बघायचा ज्यांना वैताग येतो, ज्यांचे हात सतत शिवशिवतात, ज्यांना केलेलं काम आत्ताच्या आत्ता डोळ्यांसमोर झालेलं बघायचं असतं, ती माणसं सर्जरीकडे वळतात. थोडक्यात, रागीट माणसं. मी त्यातलीच एक.

मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. वडील यार्डात मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे डबे, जोडण्याच्या कामावर होते. आठ-नऊ वर्षांची असताना त्यांची भाकरी घेऊन गेले, तर रुळांपाशी गर्दी. एका माणसाचा पाय चाकाखाली गेला होता. गुडघ्याखालचा भाग रुळाच्या आत पडलेला आणि माणूस रुळाच्या बाहेर. सगळे ओरडत होते, एक जण बाजूला ओकत होता, माझे वडील, ज्यांच्या आवाजाला अख्खं यार्ड घाबरायचं, ते डोकं धरून खाली बसले होते. आणि रेल्वेचा डॉक्टर खडीवर गुडघे टेकून, तोंडातून चकार शब्द न काढता, मांडीला पट्टा आवळत होता. रक्त थांबलं. मला त्या तुटक्या पायाची भीती वाटली नाही. मला त्या डॉक्टरचा हेवा वाटला.

पुढे पुण्याला मेडिकलला गेले. एकोणीसशे साठ नुकतंच उलटलं होतं. वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या. एकदा शिकवता शिकवता प्राध्यापकांनी विचारलं, सर्जरी कुणाकुणाला करायची? मुलांचे सगळे हात वर. त्यांत माझाही. प्राध्यापक हसून म्हणाले, "बाई, तुम्ही आपल्या बायकांची बाळंतपणं बघा. कापाकापी करायला मनगटात जोर लागतो." वर्ग हसला. माझ्या शेजारचा सगळ्यात मोठ्यानं हसला. समोर टेबलावर शिकण्यासाठी ठेवलेलं मांडीचं हाड होतं, ते उचलून मी त्याच्या बोटांवर हाणलं. त्याची दोन नखं पुढे महिनाभर काळीनिळी होती. मला पंधरा दिवस वर्गाबाहेर काढलं. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शिरूरला मावशीकडे राहिले आणि तिथल्या एका खाजगी दवाखान्यात जायला लागले. दवाखाना चालवणारे सर्जन साठीकडे झुकलेले, महायुद्धात लष्कराबरोबर वाळवंटात राहून आलेले. त्यांच्याइतका शिवराळ आणि हातानं इतका हळुवार माणूस मी पुन्हा पाहिला नाही. ऑपरेशन चालू असताना चिमटा चुकीच्या हातात दिला तर तोच चिमटा ते देणाऱ्याच्या बोटांवर मारत. चुकलेलं अवजार भिंतीवर फेकत. भिंतीचा गिलावा त्या उंचीवर ठिकठिकाणी उडालेला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कुठली तू?" मी म्हटलं, दौंडची. तेव्हापासून माझं नावच पडलं. "ए दौंड, इथं बोट दाब. ए दौंड, झोपलीस काय?" मला ते फार आवडायचं. त्यांनी मला मुलगी म्हणून कधी वेगळं वागवलं नाही, बोटांवर सारखंच मारलं.

तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडी बाजारात दवाखान्याचं एक टेबल लागायचं. गळवं फोडायची, जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. त्या आठवड्यात सर्जनांना शिरूरमध्ये ऑपरेशन होतं, म्हणून त्यांनी मला आणि कंपाउंडरला पाठवलं. "जास्त शहाणपणा करू नकोस. जे जमत नाही ते इकडे पाठव," एवढंच म्हणाले.

आमच्या टेबलासमोर एक लिंबाचं झाड होतं. त्याखाली नालबंद बसायचा, म्हणजे बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकणारा. दोर टाकून बैल आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र आवळायचे, एकानं शिंगापाशी दोर धरून मान दाबून ठेवायची आणि नालबंदानं खूर तासून खिळे मारायचे. खिळा अर्धा बोट चुकला तर बैल लंगडा. हा नालबंद तिशीचा, अंगानं बारीक, पण हातोडी अशी चालवायचा की तीन ठोक्यांत खिळा बसलाच पाहिजे. मी सकाळपासून गळवं फोडता फोडता त्याच्याकडेच बघत होते. त्याच्या उजव्या हातासारखा हात मला हवा होता.

दहाच्या सुमारास त्याचा चुलतभाऊ आला. तोही नालबंदच. झाडाखालची जागा आज्याची, म्हणजे दोघांची, असं त्याचं म्हणणं. सावलीतली जागा एकच आणि बैल उन्हात आडवा टिकत नाही, त्यामुळे ज्याला लिंब त्याला गिऱ्हाईक. आधी शिव्या झाल्या. मग चुलतभावानं आडव्या पडलेल्या बैलाचा दोर लाथेनं उडवला, तसा ह्यानं उठून त्याच्या तोंडात भडकावली. चुलतभावाचं नाक फुटलं. शेजारी ऊसतोडीचे कोयते विकायला मांडले होते. त्यानं त्यातला एक उचलला आणि नालबंदाच्या डोक्यावर घातला. ह्यानं उजवा हात आडवा धरला. ओल्या लाकडात कुऱ्हाड रुतावी तसा आवाज झाला.

रक्त उडालं ते माझ्या टेबलावरच्या कापसापर्यंत आलं. लोक चुलतभावावर तुटून पडले. मी धावले. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूनं हाडापर्यंत वार होता आणि रक्ताची चिळकांडी ठोक्याठोक्याला उडत होती. नालबंदाच्या थोरल्या भावानं आपलं पागोटं सोडून माझ्या हातात दिलं. मी कोपराच्या वर चार बोटं सोडून दोन वेढे घातले, त्यात त्याच्याच हातोडीचा दांडा अडकवला आणि जीव खाऊन पिळला. चिळकांडी बसली. मग थेंब. मग तेही थांबलं.

लोक भोवती जमले. एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "बाई, देव हायेस तू." आणि मला, खोटं कशाला बोलू, मला तसंच वाटलं. अंगावर रक्त, समोर शंभर माणसं, आणि माझ्या दोन हातांनी एका माणसाचं वाहणं थांबवलेलं. त्या क्षणी पुण्याच्या त्या प्राध्यापकाला तिथं उभं करून दाखवावंसं वाटलं, बघा मनगट. इतका आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झाला. त्या आनंदात मी एक गोष्ट करायला विसरले.

रक्त थांबवायला अशी गाठ आवळली की वेळ लिहायची असते. कपाळावर लिहा, छातीवर लिहा, पण लिहायची. आणि बरोबरच्याला सांगायचं की दोन तासांच्या आत सर्जनच्या हातात पोचलं पाहिजे, नाहीतर खालचा हात मरतो. हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहून त्याचे मार्कही मिळवले होते. मी थोरल्या भावाला सांगितलं ते एवढंच, "शिरूरला न्या. आणि काही झालं तरी ही गाठ कुणाला सोडू देऊ नका."

"न्हाई सोडू देत, बाई," तो म्हणाला. त्यांनी त्याला बैलगाडीत घातलं आणि गाडी शिक्रापूरच्या रस्त्याला लागली. तिथून शिरूरकडे जाणारा ट्रक मिळेल असा हिशोब होता.

मी वळले ते चुलतभावाकडे. लोकांनी त्याला दगडांनी ठेचला होता. एक कान अर्धा लोंबत होता, डोक्याला वीतभर फाटलं होतं. तो नीट शुद्धीवर नव्हता, तरी "सोडत न्हाई, सोडत न्हाई" असं बरळत होता. कंपाउंडर त्याच्या छातीवर बसला आणि मी भूल न देता चौदा टाके घातले. प्रत्येक टाक्याला तो मला शिवी द्यायचा, आणि मी मोजून पुढचा टाका घालायचे. मग बाजारातले उरलेले पेशंट. दोन वाजता एसटी मिळाली.

एसटी शिक्रापूरला दहा मिनिटं थांबली. मी उतरले, उसाचा रस प्यायले, दुसरा ग्लास मागितला. मजेत होते मी.

शिरूरला पोचल्यावर सर्जनांना सगळं रंगवून सांगितलं. ते हात धूत होते. म्हणाले, "कुठंय तो?"

"इकडेच पाठवला ना."

"इकडे कुणी आलेलं नाही. किती वाजता आवळलंस?"

मी म्हटलं, दहा, सव्वादहा. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन झाले होते. शेजारी उकळून ठेवलेल्या अवजारांचा ट्रे होता, तो त्यांनी उचलून माझ्या दिशेनं फेकला. मी वाकले नाही. कात्रीचं टोक हनुवटीला लागलं, त्याची खूण अजून आहे.

त्यांच्या जुन्या जीपमधून आम्ही उलट निघालो.  शिक्रापूरच्या पोलीस चौकीच्या ओट्यावर मला ते पागोटं दिसलं. मी रस प्यायले त्या जागेपासून शंभर पावलं.

आमच्या भागात तेव्हा एक समज अगदी पक्का होता, आणि नुसत्या अडाण्यांचा नव्हे. मारामारीची जखम आधी फौजदाराला दाखवायची. जशीच्या तशी, रक्तासकट. डॉक्टरनं धुतली, शिवली, की केस हलकी पडते. फौजदार दुसऱ्या गावी बंदोबस्ताला गेले होते. चौकीतल्या हवालदारानं बिचाऱ्यानं दोनदा सांगितलं होतं की आधी दवाखान्यात न्या, मी लिहून घेतलंय. भाऊ हलला नाही. त्याला मोठं कलम लागायला हवं होतं. बारा वाजल्यापासून तो धाकट्याचं डोकं मांडीवर घेऊन उपरण्यानं माश्या वारत होता. ओट्यावर मे महिन्याचं ऊन सरकत सरकत आलं होतं.

मला बघून तो उठला. त्याचा चेहरा उजळला. "बाई, हितं एक जण म्हनत हुता, गाठ सैल करा म्हून. हात काळा पडाय लागलाय म्हनला. म्या त्याला मारायला धावलो. तुमी सांगितलं हुतं ना! कुनाला हात लावू दिला न्हाई म्या."

हात कोपरापासून बोटांपर्यंत शाईसारखा झाला होता. मी बोटाला टाचणी टोचली. नालबंद माझ्याकडे बघत होता. "दुखायचं थांबलं बगा आता," तो म्हणाला, "मगाशी लई दुखत हुतं."

माझा हात आपोआप दांड्याकडे गेला. सर्जनांनी माझं मनगट पकडून असं पिरगाळलं की मी ओरडले. "आता सोडायची नाही," ते दात आवळून म्हणाले. "आता सोडलीस तर त्या मेलेल्या हातातलं विष काळजात जाईल आणि इथंच मरेल. ती गाठ आता त्याच्याबरोबरच जाणार. त्याच्या वर कापायचं."

शिरूरला टेबलावर घेतलं तेव्हा दिवस मावळायचा होता. कंपाउंडरनं ईथर द्यायला सुरुवात केली. थोरल्या भावानं दाराशी संमतीच्या कागदावर अंगठा उठवला, पण काय होणार आहे ते त्याला कळलं होतं असं मला वाटत नाही. मी सर्जनांच्या समोर मदतनिसाच्या जागी उभी राहिले. त्यांनी मला बखोटीला धरून आपल्या जागी आणलं आणि स्वतः समोर गेले.

"तू बांधलंस. तू काप."

"मला येत नाही."

"बांधायला येत होतं?"

मी कापलं. कातडी गोल कापली, ती मागे सरकली. स्नायू कापले, ते चाकूखाली आखडले, जणू आतून कुणी ओढून घेतंय. सर्जन बोटानं दाखवत, मी रक्तवाहिन्या बांधत होते. मग करवत. हाड कापताना दातांत शिरशिरी येते, ती अजूनही येते. नालबंदाची भूल मधेच उतरली आणि तो टेबलावरून उसळला. "बैल उठला, बैल उठला," असं काहीतरी ओरडला. कंपाउंडरनं मुखवटा दाबला. मी थांबले. "थांबू नकोस!" असं सर्जन इतक्या जोरात ओरडले की बाहेर भाऊ रडायला लागला. मी करवत चालवली. शेवटी हात सुटून आला, तो मीच दोन्ही हातांनी धरला होता. काळा, जड, आणि त्याच्या वरच्या टोकाला पागोटं अन् हातोडीचा दांडा तसाच.

माझे हात थरथरले नाहीत. हे मी अभिमानानं सांगत नाही. टाके घालताना मला कळत होतं की मला हे जमतंय, मला हे उत्तम जमतंय, आणि त्या जाणिवेची मला किळस आली. मागच्या अंगणात जाऊन मी सगळा रस ओकले.

सर्जन मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "हाताला रक्त नेणाऱ्या दोन नसांतली एकच तुटली होती. दुसरी धड होती. नुसता बोळा दाबून धरला असतास, तरी रक्त थांबलं असतं. हात वाचला असता." मी रडायला लागले. "रडू नकोस. त्याला हे सांग. नाही सांगितलंस तरी तू चांगली सर्जन होशील, पण माझ्या थिएटरात पाय ठेवायचा नाही."

पाचव्या दिवशी मी सांगितलं. तो खाटेवर टेकून बसला होता, डाव्या हातानं पेज पीत होता, निम्मी अंगावर सांडत होता. मी म्हटलं, "तुमचा हात कोयत्यानं गेला नाही. माझ्या गाठीनं गेला. मी वेळ सांगायला चुकले."

त्याला समजायला वेळ लागला. मग तो ओरडेल, मारेल, असं वाटलं. मला तेच हवं होतं. त्यानं दाराकडे पाहिलं, भाऊ बाहेर होता. आवाज खाली आणून तो म्हणाला, "ह्ये अजून कुनाला बोललाव?"

"नाही."

"मग बोलू नगा. त्यानं माझा हात तोडला, आसं समदं गाव म्हनतंय. तसंच ऱ्हाऊ द्या. पाच-सात वरसं आत जाईल, तवर माझा भाऊ लिंबाखाली बसंल, माझी पोरं हाताखाली येतील. त्यो लवकर सुटला, तर दोन हात घिऊन येईल, आन् मी काय करू? बाई, माझा हात गेलाय. त्याचं वजन तरी कोर्टात पडू द्या."

मी काही बोलले नाही. त्यानं ते हो समजून घेतलं. तसं समजू दिलं मी.

थंडीत शिरूरच्या कोर्टातून साक्षीचं बोलावणं आलं. जखम पहिल्यांदा मी पाहिली होती. चुलतभावाच्या वकिलानं हवेतच प्रश्न टाकला, वकील टाकतात तसा: कोयत्याचा वार झाल्यावर बोटं हलत होती का? मी म्हटलं, हलत होती. मग हात का कापावा लागला? समोर बाकावर नालबंद बसला होता, रिकामी बाही खिशात खोचलेली. तो माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होता, नाही, नाही.

मी खरं सांगितलं. गाठ माझी, चूक माझी. लोकांना वाटलं केवढं हे धाडस. धाडस कसलं? मला सर्जन व्हायचं होतं आणि हे पोटात ठेवून माझा हात चाकूवर स्थिर राहिला नसता. मी माझा हात वाचवला. त्याचा तर आधीच गेला होता. चुलतभावाला कोयता मारल्याची शिक्षा झाली, हात तोडल्याची झाली नाही. वर्षाच्या आत तो सुटून आला.

मी पास झाले, पुढे सर्जरीलाच गेले. मधल्या एका सुट्टीत पुन्हा सर्जनांबरोबर तळेगावच्या बाजारात टेबल लावलं. लिंबाखाली चुलतभाऊ बसला होता. टाके घातलेला कान वाकडा भरला होता. मी घातलेले टाके. बैल आडवा पाडलेला, चारी पाय आवळलेले, तो खिळे ठोकत होता. शिंगापाशी गुडघ्यानं मान दाबून, एका हाताला दोराचे वेढे घेऊन जो बसला होता, तो हात गेलेला नालबंद. आता चुलतभावाकडे रोजानं दोर धरत होता.

त्यानं मला पाहिलं. दोर शेजारच्या माणसाकडे दिला, उठला, सरळ माझ्या टेबलापाशी आला आणि माझ्या मुस्काटात मारली. डाव्या हातानं मारलेली ती नीट बसली नाही, अर्धी कानावर गेली. सर्जन खुर्ची पाडून उठले, मी त्यांचा दंड धरला. बाजार थांबला. मी वाट बघत उभी राहिले की तो अजून मारेल, मारावं त्यानं. तो मारणार होताही, हात वर गेला होता. पण मागे बैल धडपडायला लागला, त्या माणसाला आवरेना, आणि चुलतभाऊ तिथूनच ओरडला, "ए, दोर धर की!"

तो पळत परत गेला आणि बैलाच्या मानेवर बसला.